पटनीची सभा

प्युरिटन म्हटलं की काळे कपडे, बंद नाटकघरं आणि कपाळावरची आठी एवढंच आपल्याला आठवतं. प्युरिटनांचा वरचष्मा असलेल्या पार्लमेंटनं १६४२ मध्ये नाटकं बंद केली आणि १६४७ च्या जूनमध्ये नाताळवर बंदी आणली, हे खरंच. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात, लंडनजवळच्या पटनी गावात, याच विचारांच्या फौजेतले साधे शिपाई आपल्या सेनानींसमोर मताच्या हक्कासाठी भांडत होते. या सभेनं मला वर्षानुवर्षं झपाटलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं, तरी बिशप आणि कर्मकांड उरलंच होतं. ते साफ करा म्हणणारे ते प्युरिटन. काहीजण १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला गेले आणि सहा वर्षांत त्यांनी हार्वर्ड काढलं. मायदेशी मात्र १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं आणि राजा हरला.

जिंकलेल्या फौजेचा पगार थकला होता. रेजिमेंटांनी आपापले प्रतिनिधी निवडले. त्या काळी हे अघटितच. त्यांच्यापुढे ‘लोकांचा करार’ होता: दर दोन वर्षांनी नवं पार्लमेंट, कायद्यापुढे सगळे सारखे, सक्तीची लष्करभरती नको, धर्मात सरकारची जबरदस्ती नको.

२८ ऑक्टोबरला सभा सेंट मेरी चर्चमध्ये भरली. टेम्सकाठी, पटनी पुलाला लागूनच हे चर्च आहे. मी तिथे गेलो तेव्हा कर्नल टॉमस रेन्सबरोचे शब्द भिंतीवर वाचले. गंमत अशी की तो ते बोलला दुसऱ्या दिवशी, आणि चर्चमध्ये नव्हे. २९ तारखेला मंडळी एका अधिकाऱ्याच्या मुक्कामी प्रार्थनेसाठी जमली होती. प्रार्थना आटोपली आणि वाद पेटला. रेन्सबरोचं म्हणणं असं, की गरिबातल्या गरिबालाही श्रीमंताइतकंच स्वतःचं आयुष्य जगायचं असतं; ज्या सरकारला त्याची संमती नाही, त्या सरकारचं त्याच्यावर बंधन नाही. फौजेचा सेनानी क्रॉमवेल याचा जावई हेन्री आयर्टन उसळला. जमीनजुमला किंवा व्यापारी मंडळीतलं स्थान नसलेल्याला मत दिलं, तर उद्या तो मालमत्ताच वाटून घेईल! त्यावर एडवर्ड सेक्सबी या शिपायाचा सवाल होता: आम्ही जीव पणाला लावले ते कशासाठी?

माझ्या मते हे बळ त्यांच्या श्रद्धेतूनच आलं. बायबल ज्यानं त्यानं स्वतः वाचायचं, देवाला जाब ज्यानं त्यानं स्वतः द्यायचा, हे एकदा अंगी मुरलं की जमीनदाराचा शब्द अखेरचा राहत नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते विल्यम क्लार्क या चिटणीसामुळे. त्यानं भाषणं लघुलिपीत टिपली. ते कागद ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात पडून होते. चार्ल्स फर्थनं ते १८९१ मध्ये छापेपर्यंत रेन्सबरोचं भाषण इतिहासाला जवळजवळ ठाऊकच नव्हतं. लोकशाहीचा इतका मोलाचा दस्तऐवज एका माणसाच्या भरभर चालणाऱ्या लेखणीनं वाचवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रेन्सबरो पुढच्याच वर्षी डॉनकॅस्टरला राजपक्षीयांच्या हातून मारला गेला. त्याच्या वादातही मत मागितलं गेलं ते पुरुषांसाठीच. १६४९ मध्ये ‘लोकांच्या करारा’मागच्या चळवळीतल्या बायका तुरुंगातल्या पुढाऱ्यांच्या सुटकेचा अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारी गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन भांडी घासायला सांगण्यात आलं. तरी पुढच्याच महिन्यात त्या दुसरा अर्ज घेऊन हजर झाल्या.