भांडगावात समुद्र कालवताना

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालं. रस्ता ओलांडला की अरबी समुद्र. दौंड तालुक्यातल्या भांडगावाला ती सोय नाही. इथे पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेने ऊस दिसतो आणि समुद्र सह्याद्रीपलीकडे राहतो. अशा गावात कुणाला घरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे असतील, तर आधी समुद्रच बादलीत कालवावा लागतो.

त्यासाठी स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के भरतात. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट असतात. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या तयार मिठात हे सगळं मोजून घातलेलं असतं. एका लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलोहून थोडं जास्तच मीठ लागतं. ते प्लॅस्टिकच्या बादलीत, पंप लावून विरघळवायचं. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, कारण तांब्याचा अंशही कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतो.

मीठ दुकानातून आणता येतं. पाणी मात्र गावातलंच वापरावं लागतं. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. आजूबाजूच्या शेतांतलं खत झिरपून त्यात नायट्रेट उतरलेलं असू शकतं आणि टाकीत त्यावर शेवाळ फोफावतं. म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, तेही टीडीएस मीटर बुडवून बघून. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं.

यानंतर नवशिक्याची खरी परीक्षा सुरू होते. टाकी भरली, दगड रचले, दिवा लागला, पाणी नितळ दिसतंय. आता मासे सोडायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यातून समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४, आणि सामू वाढला की अमोनियाचा विषारी हिस्साही वाढतो. गोड्या पाण्यात मासा ज्या चुकीतून निभावतो, तीच चूक खाऱ्या पाण्यात त्याचा जीव घेते.

यावर उपाय एकच, रिकामी टाकी चालू ठेवणं. कोळंबीचा एक कच्चा तुकडा आत टाकायचा. तो कुजू लागला की जिवाणूंना अन्न मिळतं. चाचणीच्या नळीतलं पिवळं पाणी हिरवं होतं, म्हणजे अमोनिया चढला. काही दिवसांनी ते पुन्हा पिवळं येतं, पण नायट्राइट चढलेलं असतं. दोन्ही शून्यावर यायला बहुधा चार ते सहा आठवडे जातात. या काळात घरच्यांना टाकीत काहीच दिसत नाही, पण पुढचं सगळं याच आठवड्यांवर उभं राहतं. घाई करून मासे आणणं म्हणजे त्यांना मारायला आणणंच.

भांडगावचा उन्हाळा हे वेगळंच प्रकरण. पाणी २४ ते २७ अंशांच्या आसपास हवं आणि बाहेर पारा चाळिशीला टेकतो. पाण्यावर छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की ३५ची क्षारता जवळपास ३७ होते. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो: काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरायचा आणि निळा-पांढरा रंग जिथे मिळतो तो आकडा वाचायचा. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

पहिला मासा क्लाउनफिशच असावा, तोही हॅचरीतला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास केलेली आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कुणी स्वस्तात देऊ केले तरी घ्यायचे नाहीत. प्रवाळाच्या खडकाऐवजी सिरॅमिकचे दगड चालतात, जिवाणू त्यांच्या भोकांतही वस्ती करतात.

मासे रुळले की आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं. त्या दहा लिटरमध्ये ३५० ग्रॅम क्षार असतात, वर्षाचे झाले अठरा किलो. कालव्याच्या आणि उसाच्या या पट्ट्यात जमिनी खारवण्याची भीती आधीच आहे. त्यामुळे हे पाणी सरीत, परसबागेत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात ओतू नये. गावच्या सांडपाण्याच्या गटारात थोडं थोडं सोडावं.