तिसऱ्या मुलाचं आडनाव

2012 च्या युरो स्पर्धेत डॅनी वेल्बेकनं टाचेनं चेंडू गोलात ढकलला आणि इंग्लंडनं स्वीडनला 3-2 असं हरवलं. फलकावर ‘वेल्बेक’ एवढंच झळकलं. नॉटिंगहॅमशर परगण्यात वेल्बेक नावाचा जुना मठ आहे. त्यामुळे नुसतं आडनाव वाचणाऱ्याला हा गडी पिढ्यान् पिढ्यांचा इंग्रज वाटला तर नवल नाही. त्याचं पूर्ण नाव मात्र डॅनियल नी टाकी मेन्सा वेल्बेक. जन्म मँचेस्टरचा, आईवडील घानाचे, आणि घरात त्याच्याआधी दोन भाऊ. त्या लांबलचक नावातला ‘मेन्सा’ हा शब्द नेमकं हेच सांगतो: हा तिसरा मुलगा.

वेल्बेकच्या नावात मेन्सा मधे आहे. ब्रिटनमधल्या हजारो लोकांच्या नावात तो शेवटी, म्हणजे आडनावाच्या जागी आहे. त्यातले कितीतरी जण पहिले आहेत, कितीतरी एकुलते एक आहेत आणि साधारण निम्म्या तर मुली आहेत. एका माणसाचा घरातला नंबर सांगणारा शब्द सगळ्या कुटुंबाचं आडनाव कसा झाला, आणि ते आडनाव नकाशावर पाहिलं तर त्यातून काय कळतं नि काय कळत नाही, ते पायरीपायरीनं पाहू.

वार आणि नंबर

घानाच्या दक्षिण भागात अकान लोकांची वस्ती मोठी आहे. असांते आणि फांटी हे त्यांतलेच. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, तसं त्यांच्याकडे आठव्या दिवशी बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणून नाव ठेवतात. घरातलं वडीलधारं माणूस बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब ठेवतं, मग मद्याचा. सोबतचे शब्द साधारण असे: पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे, दारू म्हणशील तेव्हा दारूच. आठ दिवसांच्या जिवाला दिलेला हा खरं बोलण्याचा पहिला धडा.

एक नाव तर बाळ जन्मतःच घेऊन आलेलं असतं. ते वारावरून ठरतं. सोमवारचा मुलगा क्वाजो किंवा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. मुलींसाठी याच क्रमानं अज्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा, अकोसुआ. फांटी बोलीत यांतली काही नावं थोडी बदलतात. क्वाबेनाचा कोबिना होतो. ब्रिटनमधला प्रसिद्ध रॅपर स्टॉर्मझी याच्या कागदोपत्री नावात ‘क्वाजो’ आहे. त्याची जन्मतारीख 26 जुलै 1993. कॅलेंडर काढून पाहा, सोमवारच निघेल. फॅशनच्या जगातले संपादक एडवर्ड एनिनफुल यांच्या नावात ‘कोबिना’ आहे, आणि 22 फेब्रुवारी 1972 हा मंगळवारच होता.

वारासोबत दुसरी खूण असते ती क्रमाची. पहिलं अपत्य पिएसी, दुसरं मानू. पुढची नावं सरळ आकड्यांवरून येतात. अकान भाषेत तीनला ‘मिएन्सा’ म्हणतात. त्यावरून तिसरा मुलगा मेन्सा आणि तिसरी मुलगी मान्सा. चारला ‘अनान’, म्हणून चौथा अनान. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं नाव मराठीत उलगडलं तर ‘शुक्रवारचा चौथा’ एवढाच त्याचा अर्थ. नववा न्क्रुमा. दहाला ‘दू’, म्हणून दहावा बादू. जुळी झाली तर दोघांनाही ‘आटा’ लागतं, आणि जुळ्यांच्या पाठीवरचं मूल ताविया.

आणखी एक जातकुळी आहे, ती मराठी माणसाला समजवावी लागत नाही. आधीची मुलं दगावली असतील तर मृत्यूची नजर या मुलाकडे जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचं. आपण धोंडू, दगडू, केरू ठेवलं, विदर्भात उकंडा ठेवलं. अकान लोकांनी ‘सुमिना’ ठेवलं, म्हणजे उकिरडाच. नाहीतर ‘डोंकोर’, म्हणजे गुलाम. हे डोंकोरही आज लंडनमध्ये आडनाव म्हणून सहज भेटतं.

नाव गोठतं कसं

या पद्धतीत आडनावाला जागाच नव्हती. वार, क्रम आणि वडिलांनी एखाद्या आदरणीय माणसाच्या आठवणीनं ठेवलेलं नाव, एवढ्यावर काम भागायचं. एकाच आईबापाची चार मुलं चार वेगळ्या नावांनी ओळखली जायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मोठ्या माणसांचीही तीच तऱ्हा. 1874 ते 1883 या काळात असांतेंच्या गादीवर मेन्सा बोन्सू हा राजा होता. त्याच्या आधीचा राजा कोफी कारिकारी. एकाच राजघराण्यातले हे दोघं, पण नावात समान असं एक अक्षरही नाही.

पुढे किनाऱ्यावर मिशनरी आले. बाझेल मिशन 1828 मध्ये, वेस्लियन मेथडिस्ट 1835 मध्ये. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव लिहिताना एक ख्रिस्ती नाव आधी लागे आणि एक घराण्याचं नाव शेवटी. शाळेचा हजेरीपट, कोर्टाचे कागद, कचेरीतली नोकरी, सगळीकडे हाच साचा. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, तर बाप ज्या नावानं ओळखला जाई ते. बाप तिसरा मुलगा असेल, तर त्याची सगळी पोरं मेन्सा. तिथून पुढे शब्दाचा अर्थ थांबला आणि नाव चालू राहिलं.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झालेला पहिला माणूस जॉन मेन्सा सार्बा. तो 1887 मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला, पुढे फांटी रूढीकायद्यावर त्यानं ग्रंथ लिहिला. त्याच्या नावात वडिलांचं सार्बा शेवटी गेलंय आणि मेन्सा अजून मधेच आहे. जुनी पद्धत आणि नवी पद्धत एकाच नावात शेजारी शेजारी बसलेल्या इथे दिसतात. काही फांटी घरांनी तर इंग्रजी शेपूट जोडून मेन्साचं ‘मेन्सन’ केलं. इंग्रजीत मेन्सा लिहिताना शेवटी जो मूक ‘एच’ लागतो, तोही इंग्रजी लिखाणाच्या सवयीचा. अकान लेखनपद्धतीत नुसतं ‘मेन्सा’ पुरतं.

इथे मराठी वाचकानं एक सवय बाजूला ठेवायला हवी. आडनाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कूळ येतं, गाव येतं, भाऊबंदकी येते. मेन्सात यातलं काहीच नाही. घराघरांत तिसरे मुलगे होते, त्यामुळे हे आडनाव हजारो ठिकाणी एकमेकांशी संबंध नसताना सुरू झालं. शिवाय अकानांचं कूळ, म्हणजे ‘अबुसुआ’, आईकडून येतं आणि नाव बाप ठेवतो. त्यामुळे आडनावावरून कूळ कळायचा प्रश्नच नाही. दोन मेन्सांचं लग्न ठरलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. बघायचं ते दोघांच्या आयांचं कूळ. त्यात हा शब्द अकानांपुरताही राहिलेला नाही. अक्राच्या गा लोकांत आणि पूर्वेकडच्या एवे लोकांतही मेन्सा आहेत, आणि सीमेपलीकडे फ्रेंच बोलणाऱ्या टोगोत ‘मेसां’ असं त्याचं रूप भेटतं.

ब्रिटनची वाट

अकान नावं ब्रिटनमध्ये पोहोचली ती आधी गुलामगिरीच्या वाटेनं. 1787 मध्ये लंडनमध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिणारा ओटोबा कुगोआनो स्वतःच्या नावाआधी ‘क्वोब्ना’ लावी. हा मंगळवारचा क्वाबेनाच. कामगारांच्या मताधिकारासाठी लढलेल्या चार्टिस्ट चळवळीतला शिंपी विल्यम कफे 1788 मध्ये चॅटमला जन्मला. त्याचा बाप सेंट किट्स बेटावर गुलाम होता. या कफेच्या मुळाशी शुक्रवारचा कोफी असावा असं मानतात. लिहिणाऱ्यांनी कानाला जसं आलं तसं उतरवलं, आणि वार ओळखू येईनासा झाला.

मेन्साची ब्रिटनमधली खरी गोष्ट मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे आले ते बहुतेक विद्यार्थी: वकिली, वैद्यक, इंजिनिअरिंग शिकायला आलेले आणि परत जायच्या बेतानं राहिलेले. 1966 मध्ये लष्करानं राष्ट्राध्यक्ष न्क्रुमांची सत्ता उलथली, मग बंडामागून बंडं झाली, पैशाची किंमत घसरत गेली. 1983 हे वर्ष फार वाईट गेलं. एकीकडे दुष्काळ आणि वणवे, दुसरीकडे नायजेरियानं हाकललेले लाखो घानावासी चौकड्यांच्या स्वस्त पिशव्या घेऊन परतलेले. ज्यांना शक्य होतं त्यांनी युरोपचा रस्ता धरला. पुढे नव्वदीत आणि त्यानंतर परिचारिकांचीही भर पडली. 2001 च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये घानात जन्मलेले सुमारे 56 हजार लोक होते. 2011 मध्ये ते 95 हजारांच्या घरात गेले. इथे जन्मलेली मुलं यात धरलेली नाहीत.

ही माणसं लंडनला एकवटली. नदीच्या दक्षिणेला पेकम, लॅम्बेथ, उत्तरेला टॉटनम, हॅकनी, पूर्वेला न्यूहॅम. कारणं रोजच्या जगण्यातली होती. पालिकेची भाड्याची घरं, इस्पितळातल्या पाळ्या, पहाटेची ऑफिसं झाडण्याची कामं, रात्रीची बस, आणि रविवारी आपल्या भाषेत प्रार्थना होणारं चर्च. डॉल्स्टनच्या रिडली रोड बाजारात केळी, सुरण आणि सुकी मासळी मिळते म्हटल्यावर आणखी काय हवं? हातात थोडा पैसा आल्यावर माणसं कडेकडेला सरकली: क्रॉयडन, एनफील्ड, आणि लंडनबाहेर मिल्टन कीन्स.

नकाशा वाचायचा कसा

आडनावांचे नकाशे बनवण्याचं मोठं काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालं. 1881 ची जनगणना एका हाताला आणि 1998 ची मतदारयादी दुसऱ्या हाताला घेऊन कुठलं आडनाव कुठे दाट आहे, हे तिथल्या भूगोलतज्ज्ञांनी रंगवून दाखवलं. ‘ट्रे’नं सुरू होणारी ट्रेविथिकसारखी नावं घेतली तर कॉर्नवॉलचं टोक गडद होतं. आपल्या ‘कर’ लावणाऱ्या आडनावांसारखीच ती गावाला चिकटलेली. तिथे गडद ठिपका म्हणजे मूळ.

मेन्साच्या नकाशात गडद ठिपका म्हणजे मूळ नव्हे, मुक्काम. मूळ नकाशाच्या बाहेरच आहे. त्यामुळे क्रॉयडन गडद दिसलं म्हणून तिथले मेन्सा एकमेकांचे नातलग ठरत नाहीत. त्या रंगातून कळतं ते एवढंच की भाडं कुठे परवडलं आणि काम कुठे मिळालं.

दुसरी खबरदारी आकड्यांची. समजा, एका भागात तीन लाख वस्तीत 300 मेन्सा आहेत आणि दुसऱ्यात वीस हजार वस्तीत 40. संख्येनं पहिला भाग जड, दाटीनं दुसरा दुप्पट. नकाशा कुठला हिशेब धरतो ते खालच्या सूचीत पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तिसरी गोष्ट यादीची. मतदारयादीत फक्त मोठी माणसं असतात. पण ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या देशांचे कायदेशीर रहिवासी नागरिकत्व न घेताही मतदार होऊ शकतात. घाना राष्ट्रकुलात आहे, भारतही आहे. म्हणून घानाचाच पासपोर्ट बाळगणारे मेन्सा या यादीत सापडतात, आणि त्याच नियमानं तिथले जोशी आणि पाटीलही. इंग्लंडमध्ये आयव्हरी कोस्टचाच पासपोर्ट बाळगणारा शेजारी मात्र सापडत नाही.

चौथी गोष्ट सुरुवातीलाच आली आहे. यादी शेवटचा रकाना वाचते. वेल्बेक तिथे इंग्रज गावाचा ठरतो, मेन्सन इंग्रज वाटतो, आणि लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणारी मेन्साची मुलगी यादीतून निघून जाते.

इंग्लंडमध्ये बाळाची नोंद 42 दिवसांच्या आत करावी लागते. कुठलं आडनाव लावावं याची कायद्यानं सक्ती नाही. तरी बहुतेक आईबाप बापाचंच लावतात. कल्पना करा, टॉटनमच्या एका घरात रविवारी पहिली मुलगी झाली. आठव्या दिवशी कुणाला सुट्टी नाही, म्हणून जिभेवरचा पाण्याचा थेंब पुढच्या शनिवारवर ढकलला गेला. मग नोंदणी कचेरीत अर्ज भरला: पहिलं नाव ग्रेस, मधलं अकोसुआ, आडनाव मेन्सा. उलगडून वाचलं तर ‘ग्रेस, रविवारची मुलगी, तिसरा मुलगा’. शेवटचा शब्द तिच्या पणजोबांबद्दल खरा होता. तिच्याबद्दल खरा आहे तो मधला, आणि तो कुठल्याच नकाशात येत नाही.