पियजातिक सुत्त आणि 'झुंझारराव'

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'झुंझारराव' (१८९०) हे मराठी रंगभूमीवरील एक मान्यवर शोकान्त नाटक होय. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे ते रूपांतर असून गणपतराव जोशी यांनी त्यातील नायकाची भूमिका गाजविली होती. पिंपळगाव राजासारख्या गावातील आपल्या वाचकाने ते पाहिले असण्याचा संभव थोडा. म्हणून कथासूत्र प्रथम सांगतो. नायिका पित्याची संमती नसताना एका पराक्रमी योद्ध्याला वरते. मूळ नाटकातील इयागो हा त्याच्या हाताखालचा मत्सरी मनुष्य तिच्या शीलाविषयी संशय पेरतो, एक हरवलेला हातरुमाल पुरावा ठरतो आणि पती स्वतःच्या हाताने पत्नीचा प्राण घेतो. सत्य कळल्यावर तो आत्मघात करतो.

हे 'प्रेमाच्या अतिरेकाचे' फळ, असे समीक्षक बहुधा म्हणतात. नायकाचाही दावा तोच आहे. तो मान्य करावा काय?

मज्झिम निकायातील पियजातिक सुत्तात (क्र. ८७) या प्रश्नाचे आश्चर्यकारक उत्तर सापडते. एकुलता पुत्र गमावलेल्या गृहस्थाला तथागतांनी सांगितले की, शोक व दुःख ही प्रियापासून उत्पन्न होतात. त्या गृहस्थाला ते पटले नाही. प्रियापासून आनंदच होतो, असे म्हणून तो निघून गेला व जुगाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला! पुढे राणी मल्लिकेने पाठविलेल्या नाळिजंघ ब्राह्मणाला भगवंतांनी श्रावस्तीतील काही घटना सांगितल्या. त्यांतील एक अशी: माहेरी गेलेल्या एका स्त्रीला तिचे नातलग नवऱ्यापासून तोडून दुसऱ्याला देऊ पाहत होते. तिला ते नको होते. तिने हे पतीला सांगितले, तेव्हा त्याने तिचे दोन तुकडे केले व मरणोत्तर आपण एकत्र राहू, या समजुतीने स्वतःलाही मारले.

येथे इयागो नाही, संशयही नाही. पत्नी निष्ठावान आहे आणि पतीला ते ठाऊक आहे. तरीही ती मारली जाते. म्हणजे संशय हे निमित्त होय. मूळ आहे उपादान, 'ही माझी' ही पकड. नातलगांनी तिची इच्छा विचारली नाही, पतीनेही विचारली नाही. ऑथेल्लोदेखील पत्नीचे म्हणणे ऐकतो ते निकाल मनात ठरल्यानंतर. मरता मरता नायिका पतीचा अपराध स्वतःवर घेते आणि प्रेक्षक गहिवरतात. मला तो प्रसंग आदर्श वाटत नाही.

धम्मपदाच्या पियवग्गात प्रिय, प्रेम, रति, काम व तृष्णा यांवर क्रमाने एकेक गाथा आहे (२१२ ते २१६). भाषा जवळजवळ तीच, शब्द मात्र बदलत जातो. कोठे प्रेम संपून तृष्णा सुरू होते, हे त्या क्रमावरून वाचकाने स्वतः तपासावे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी, असे प्रतिपादन केले ते याच अर्थाने महत्त्वाचे आहे. मैत्रीत दुसऱ्यावर मालकी नसते.

नकार देणाऱ्या मुलीवर हल्ला झाला की वृत्तपत्रे आजही 'एकतर्फी प्रेमातून' असे छापतात. श्रावस्तीच्या त्या पतीनेही कदाचित हाच शब्द वापरला असता.