दुभाष्याची परीक्षा प्रेस शॉपमध्ये

चाकण-भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर मराठी, ऑपरेटर भोजपुरी आणि हेल्पर ओडिया किंवा संथाली बोलणारा, ही नेहमीची गोष्ट. त्यांच्यात आता मोबाइलमधला दुभाषा आला आहे. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ 2022 मध्ये सुरू झाली. 2023 मध्ये आयआयटी मद्रासच्या ‘एआयफोरभारत’ने आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांचं ‘इंडिकट्रान्स2’ सर्वांसाठी खुलं केलं. संथाली त्यात आहे. भोजपुरी नाही, कारण ती अनुसूचीतच नाही. 2011 च्या जनगणनेत पाच कोटींहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली आणि ती हिंदीच्या खात्यात जमा झाली. दुभाषा घरात घ्यायला हरकत नाही, पण त्याला कोणतं काम द्यायचं हे मात्र ठरवायला हवं.

ही यंत्रं जोडीने मांडलेल्या कोट्यवधी वाक्यांवरून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे शिकतात. ती वाक्यं बव्हंशी बातम्या, सरकारी मजकूर, विकिपीडिया यांतली. ‘डाय बसली का, एक स्ट्रोक मारून बघ’ हे तिथे कुठून सापडणार? शिवाय पॉवर प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहतं. म्हणून डाय बदलणाऱ्याला ‘चाक पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू नका’ हे बजावावं लागतं. या वाक्याचा सगळा जीव शेवटच्या ‘नका’मध्ये. शेजारच्या प्रेसच्या दणक्यात तेवढाच शब्द माइकला ऐकू आला नाही, तर यंत्र अडखळत नाही. उरलेल्या शब्दांचं सफाईदार वाक्य करून देतं. सुपरवायझरला ओडिया येत नाही, त्यामुळे चूक झाली हे त्याला कळणारच नाही. ऐकणं, भाषांतर आणि उच्चार असे तीन टप्पे असतात. प्रत्येक टप्पा शंभरात 95 वेळा बरोबर निघाला, तरी तिन्ही मिळून हिशेब 86 च्या आसपास येतो. चहा मागवायला ठीक आहे.

म्हणून मोबाइल गेटवरच जमा करायचा का? तसं नाही. जिवाशी गाठ असलेल्या सूचना मोजक्याच असतात. त्यांचं भाषांतर यंत्राकडून करून घ्यावं, ती भाषा बोलणाऱ्या जुन्या कामगाराकडून तपासून घ्यावं, त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करावं आणि नव्या माणसाला ‘समजलं का’ असं न विचारता ते काम करून दाखवायला लावावं. ऐन वेळच्या भाषांतराचा खरा उपयोग उलट्या दिशेने आहे, कामगाराकडून वर. आजवर ते काम मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस करत आला. ओव्हरटाइम कापल्याची तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल, तर ती साहेबापर्यंत कशी पोचणार? यंत्राला त्यात कमिशन नाही. इथे भाषांतर चुकलं तरी पुन्हा विचारता येतं, दोन मिनिटं जास्त जातात इतकंच.

‘हिंदी सगळ्यांना येते, मग ही उठाठेव कशाला?’ हा आक्षेप जुना आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 108 नेही सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितलं होतं. उरलेल्या दहा जणांची बोटंही त्याच प्रेसखाली असतात, याचा विचार त्यात नव्हता. ‘उचल, ठेव’पुरती हिंदी अनेकांना येते, पण क्लचचा आवाज कालपासून बदललाय किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हे नेमकं सांगायला माणसाला स्वतःची भाषा लागते. दुर्लक्ष केलं तर महागात पडणारी माहिती नेमकी हीच.

मला जास्त वजनदार वाटतो तो आक्षेप वेगळा आहे: हा आवाज साठवणार कोण? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीविना माहिती वापरण्याची वाट आहे, आणि आवाजावरून माणूस ओळखता येतोच. तेव्हा भाषांतर झाल्याबरोबर रेकॉर्डिंग पुसलं जावं, नाव गाळून फक्त मजकूर सुरक्षा समितीकडे जावा आणि फोन ठेकेदाराच्या ताब्यात नसावा, हे यंत्र विकत घेण्याआधीच करारात लिहून घ्यावं लागेल.