सुमार पुस्तक गाजतं, तेव्हा तुमचा जळफळाट का होतो?

ट्रेनमध्ये समोर बसलेली मुलगी पुस्तकात इतकी रमलेली असते की, स्टेशन आलेलंही तिला कळत नाही. तुम्ही मुखपृष्ठ पाहता आणि कपाळाला आठी पडते. ‘हे? हे तर मी ३० पानांतच मिटून ठेवलं होतं!’ तेच पुस्तक सिग्नलवर विकायला असतं, मावशीच्या उशाशी असतं आणि मैत्रिणीच्या स्टेटसवरही असतं. तुमच्या आवडत्या लेखकाचं पुस्तक मागितलं तर दुकानदार म्हणतो, ‘मागवावं लागेल.’

अशा वेळी राग येणारच. बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्या आमच्यासारख्यांना तर तो जरा जास्तच येतो. पण हा राग नेमका कोणावर असतो?

लोकांना यात आवडतं तरी काय?

ई. एल. जेम्स यांची ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही कादंबरी २०११ मध्ये आली. ‘ट्वायलाइट’च्या चाहत्यांसाठी इंटरनेटवर लिहिलेल्या कथेतून ती तयार झाली होती. समीक्षकांनी तिच्या भाषेची यथेच्छ खिल्ली उडवली. तरीही या मालिकेच्या १५ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

इतक्या सगळ्यांना अक्कल नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला अनेकदा सुंदर वाक्यापेक्षा ‘पुढे काय झालं?’ हे हवं असतं. चांगलं लिहिणं ही एक कला आहे आणि वाचकाला पान उलटायला लावणं ही दुसरी. दोन्ही एकाच लेखकाकडे असतीलच असं नाही.

चांगल्या पुस्तकांचं नुकसान होतं का?

दुकानातली दर्शनी जागा जाते, हे खरंच. पण दुसरी बाजूही आहे. ‘फिफ्टी शेड्स’च्या कमाईमुळे २०१२ च्या अखेरीस रँडम हाऊसने अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी ५,००० डॉलर बोनस दिला. गोदामात काम करणाऱ्यांनाही तो मिळाला. कमी खपणारी पुस्तकं काढायचं बळही प्रकाशकाला अशाच कमाईतून मिळतं.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांना फारसं मोजलं नाही. पण झुंजार आणि काळापहाड यांच्या करामती वाचता वाचता कितीतरी घरांत वाचनाची गोडी लागली.

मग करायचं काय?

खराब लिहिलेल्या पुस्तकाला खराब जरूर म्हणा, फक्त वाचणाऱ्याला हिणवू नका. आईच्या हातातली कादंबरी पाहून तुम्ही नाक मुरडलंत, तर ती काही उद्यापासून तुमची आवडती पुस्तकं वाचणार नाही. ती तुमच्यासमोर वाचणं बंद करेल. त्यापेक्षा तिला विचारा, ‘यातलं काय आवडलं?’ मग तसंच काहीतरी, पण नीट लिहिलेलं, तिच्या हातात द्या.

आणि तुम्ही स्वतः लिहीत असाल, तर थोडं खरं बोलूया. त्या रागात लॅपटॉपमध्ये २ वर्षं पडून असलेल्या तुमच्या अर्धवट कादंबरीचाही वाटा आहे ना? त्या सुमार लेखिकेने निदान शेवटचं पान तरी लिहिलं. आज रात्री तुम्हीही तुमची फाइल उघडा.