झाडांना कुठलं पाणी घालायचं?

हल्ली आपल्या तालुक्याच्या गावांतही घरोघरी पाणी शुद्ध करायचं मशीन आलंय. त्यामुळे ओळखीच्या बायका मला हमखास विचारतात, “वहिनी, आपण एवढं स्वच्छ पाणी पितो, मग तुळशीला नि गुलाबाला नळाचंच का? त्यांनाही फिल्टरचं घालू का?”

माझं उत्तर ठरलेलं असतं. नळाला धरणाचं किंवा नदीचं गोडं पाणी येत असेल, तर झाडांना तेच घाला. क्लोरीनचा वास येतो म्हणून घाबरू नका. पिण्याच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीननं झाडं मरत नाहीत. तरी मनाला रुखरुख वाटत असेल, तर बादली रात्रभर उघडी ठेवा. क्लोरीन बराचसा उडून जातो.

आता फिल्टरचं बघू या. कँडलचा किंवा यूव्हीचा फिल्टर गाळ आणि जंतू यांचा बंदोबस्त करतो, क्षार मात्र पाण्यात तसेच राहतात. मातीत तर लाखो जीवजंतू असतात आणि झाडाला त्यातले कितीतरी हवेच असतात. मग त्या पाण्याचा झाडाला वेगळा फायदा काय? क्षार काढतं ते आरओ. पण साध्या घरगुती आरओमध्ये एक लीटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लीटर पाणी नळीवाटे बाहेर जातं. म्हणजे दोन लीटर पाणी कुंड्यांना घातलं की सहा लीटर मोरीत! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दिवसाआड, आठवड्याआड पाणी भरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब कसा परवडेल?

खरी अडचण असते ती बोअरच्या जड पाण्याची. साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो, ते हे पाणी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंड्यांना बोअरचंच पाणी मिळतं. मग मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी खर धरते, पानांची टोकं करपायला लागतात. सासूबाई म्हणतात, “ऊन बाधलं गं.” उन्हाचा त्रास असतोच, पण कुंडीत साठलेले क्षारही मुळांना पाणी ओढू देत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं ठेवा. वरची खर खरवडून काढा. जमेल तेव्हा गोडं पाणी भरपूर ओता, खालून वाहू द्या, म्हणजे क्षार धुऊन जातील. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवा. पन्हाळीखाली पिंपही लावा, मात्र पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. पावसाच्या पाण्यासारखं झाडांना दुसरं पाणी नाही. साठवलेल्या पिंपावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात.

आणि आरओचं वाया जाणारं पाणी? तेही आधी पारखून घ्या. मशीनच्या सर्व्हिसिंगला येणाऱ्या मुलाकडे टीडीएस मोजायचं छोटं यंत्र असतं. त्याला नळाचं आणि नळीतून बाहेर पडणारं, दोन्ही पाणी मोजायला सांगा. नळाचा आकडा ३०० असेल, तर बाहेरच्या पाण्याचा साधारण ४०० येईल. ते झाडांना खुशाल घाला. बोअरचा १२०० असेल, तर बाहेर १६०० च्या आसपास जाईल. ते कुंडीला नको. फरशी पुसायला, संडास-मोरी धुवायला वापरा. बादलीभर पाणी वाचलं तरी एक खेप कमी होते, आणि ती खेप बहुतेक घरांत बाईचीच असते.

दोन पाणी मात्र कुंडीपासून लांबच ठेवा. एक, कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दुसरं, मीठ टाकून चालणाऱ्या सॉफ्टनरचं. ते अंगाला मऊ लागतं, पण त्यातला सोडियम मातीला घट्ट करतो.

तेव्हा मैत्रिणींनो, आरओचं पाणी पिण्यासाठी राहू द्या. या रविवारी कुंड्यांच्या कडा बघा. पांढरं दिसलं, तर आधी तळाचं भोक मोकळं करायला घ्या.