प्रवाळ-टाकीतील आकस्मिक हानी : कारणांचा शोध कसा घ्यावा?

रात्री सतेज दिसणारे प्रवाळ सकाळी पांढरे पडलेले आढळावेत, ही घरात प्रवाळ-टाकी सांभाळणाऱ्यांवर अनेकदा ओढवणारी आपत्ती होय. समुद्रातील जिवंत खडक, खारे पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर काचेच्या टाकीत प्रवाळ जगविता येतात, हे इंडोनेशियातील ली चिन एंग ह्यांनी १९६१ मध्ये जगापुढे मांडले. तेव्हापासून हा छंद अनेक देशांत रुजला. परंतु टाकीतील पाणी समुद्राच्या तुलनेने ओंजळभरच असते. समुद्र जो बदल सहज पचवितो, तो दोनशे लिटरच्या टाकीत एका रात्रीत घातक ठरतो.

प्रवाळ ही वनस्पती नसून प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात व प्रकाशाच्या साहाय्याने तयार केलेले बरेचसे अन्न यजमानाला पुरवितात. अंगचा रंगही मुख्यतः ह्या शैवालांमुळेच असतो. हे सहजीवन ध्यानी घेतले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपे जाते.

पांढरे झाले म्हणजे मेले काय?

प्रथम दोन अवस्थांतील भेद ओळखणे अगत्याचे आहे. उष्णता किंवा प्रखर प्रकाश असह्य झाला की प्रवाळ आपल्या अंगची शैवाले गमावतात. त्यांची पारदर्शक त्वचा कायम राहते आणि तिच्याखालचा पांढरा सांगाडा दिसतो. ह्यास विरंजन म्हणतात. असे प्रवाळ जिवंत असतात व परिस्थिती सुधारल्यास सावरू शकतात. दुसऱ्या अवस्थेत त्वचाच सोलून गळते आणि सांगाडा उघडा पडतो. गळालेला भाग परत येत नाही, आणि ही झड काही तासांत संपूर्ण वसाहतीवर पसरू शकते.

कोण मेले, कोण वाचले?

मापनाची साधने हाती घेण्यापूर्वी टाकीचे बारकाईने निरीक्षण करावे. सर्व जातींचे प्रवाळ एकाच वेळी खालावले असतील, तर दोष बहुधा पाण्यात असतो. एकाच जातीवर संकट असेल, तर कीड वा रोगाची शंका घ्यावी. काही परजीवी रात्रीच बाहेर पडत असल्याने विजेरीच्या प्रकाशात पाहणी करावी. टाकीचा एकच भाग बाधित असेल, तर तेथील प्रकाश, पाण्याचा प्रवाह किंवा शेजारच्या प्रवाळाचा दंश तपासावा. प्रवाळ जागेसाठी परस्परांशी झुंजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

इतर जीवांची साक्षही मोलाची असते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर प्राणवायूची उणीव अथवा अमोनियाची वाढ संभवते. मासे सुखरूप असून कोळंबी व गोगलगायी मेल्या असतील, तर तांबे किंवा कीटकनाशक पाण्यात उतरल्याचा संशय बळावतो. माशांच्या काही औषधांत तांबे असते, आणि खोलीत फवारलेले डासनाशक हवेच्या पंपावाटे पाण्यात पोहोचू शकते.

पाण्याची तपासणी

यानंतर मापन करावे. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस असावे; हीटर बिघडून चालूच राहिल्यास ते झपाट्याने चढते. लवणता एक किलोग्रॅम पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम असावी. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून घट भरून काढताना शुद्ध गोडे पाणीच घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व धातू प्रवाळांना अपायकारक असतात. अमोनिया मुळीच आढळता कामा नये. सांगाडा घडविण्यास लागणारी अल्कता जर्मन परिमाणात ७ ते ११ अंश आणि कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावे. यांतील आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्थैर्याला आहे. अल्कता एका दिवसात दोन-तीन अंशांनी बदलल्यास दोन्ही आकडे मर्यादेत असूनही प्रवाळ झडू शकतात.

अनपेक्षित आकडा आल्यास दुसऱ्या साधनाने पडताळा घ्यावा. बिघडलेल्या मापकावर विसंबून चांगले पाणी बिघडविल्याची उदाहरणे कमी नाहीत. गेल्या पंधरवड्यात टाकीत काय नवे आले, कोणता दिवा बदलला, वीज किती वेळ गेली, ह्याची नोंदवही असल्यास निम्मे काम तेथेच होते.

तातडीचे उपाय

मृत जीव काढून टाकावेत. तापमान व लवणता जुळवून घेतलेल्या नव्या खाऱ्या पाण्याने टाकीतील एक-चतुर्थांश पाणी बदलावे. हवेचा पुरवठा वाढवावा व सक्रिय कोळसा वापरावा. झड पसरत असल्यास निरोगी फांदी झडीपासून दूर अंतरावर कापून वेगळी ठेवावी. एकाच वेळी अनेक रसायने ओतू नयेत; तसे केल्यास मूळ कारण कळत नाही आणि नवा धक्का मात्र बसतो. काही मऊ प्रवाळांत मानवासही घातक असे विष असते. म्हणून हातमोजे वापरावेत आणि टाकीतील खडक कधीही उकळू नयेत.

कायदा आणि किनारा

भारतात ह्या छंदाला कायद्याची स्पष्ट मर्यादा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले आहे. समुद्रातून ते तोडणे वा विकणे हा गुन्हा होय. शाळेच्या प्रयोगशाळेसाठीही त्यास अपवाद समजू नये. किनाऱ्यावरील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही गोष्ट गावकऱ्यांच्या व पर्यटकांच्या कानी घालणे आवश्यक आहे.

मात्र टाकीने शिकविलेली शोधाची रीत किनाऱ्यावरही उपयोगी पडते. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. १९९८, २०१० व २०१६ ह्या वर्षी समुद्राचे पाणी तापल्याने भारतातील प्रवाळांचे मोठे विरंजन झाले. तेथेही प्रश्न तेच : काय पांढरे पडले, कोण वाचले, पाण्यात कोणता बदल झाला? पाणबुड्या मच्छीमाराने पाहिलेल्या बदलाची तारखेसह नोंद ठेवून ती वन विभागाकडे पोहोचविली, तर कारणाचा शोध वेळीच सुरू होऊ शकेल. टाकीतील पाणी बदलता येते. समुद्राचे बदलता येत नाही, म्हणूनच तेथे वेळीच लक्ष जाणे अधिक निकडीचे आहे.